बी विंग पार्किंग ग्रुप: रेडिएटरची होज क्लिप कोणती घ्यायची?

अनुजा (१०४): २७ नंबरच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी गुलाबी थेंब पडलेले असतात. गाडी गरम असताना मात्र टिपूसही नाही. गॅरेजवाला म्हणतो, रेडिएटरच्या दोन्ही रबरी पाईपांवरच्या (होजवरच्या) क्लिपा काढून आट्याच्या, म्हणजे स्क्रूने आवळायच्या, टाकू. टाकू देऊ का?

गोखले काका (३०१): रंग आहे म्हणजे एसीचं पाणी नव्हे, कूलंटच, इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी. बोटाला बुळबुळीत लागेल. आधी फरशी धुऊन पुसून घ्या. त्यात बहुधा ग्लायकॉल असतं, चव गोडसर आणि मांजरांना जिवावर बेतणारं. जिन्याखाली पिल्लं आहेत.

सचिन (६०२): ताई, सकाळीच गळतं आणि गरम झाल्यावर थांबतं, ही क्लिपचीच खूण. रबर वर्षानुवर्षं दाबलं गेलं की बसतं, पुन्हा फुगून येत नाही. थंडीत ते आणखी आकसतं. आट्याची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते, ती मागोमाग आवळत नाही, म्हणून फट पडते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि फट बुजते. सध्या कोणती क्लिप आहे? फोटो टाका.

अनुजा: खालच्या पाईपला आट्याची आहे, पट्टीवर आरपार खाचा. वरच्या पाईपला स्क्रू नाही, दोन कान वर आलेली गोल पट्टी आहे. गळती खालून आहे.

सचिन: वरची कंपनीची स्प्रिंग क्लिप. तिला हात लावू नका. रबर आकसलं की ती स्वतःच घट्ट होते, फुगलं की सैल. खालची कधीतरी कुणीतरी बदललेली दिसते. तिथे परत स्प्रिंगचीच घ्या. कानावर आकडा कोरलेला असतो, वरच्या क्लिपवरचा आकडा बघून तीच मागा, पण दोन्ही पाईप एकाच जाडीचे आहेत ना ते आधी मोजा.

रश्मी (५०३): आणि आट्याचीच मिळाली तर?

सचिन: तर माप नीट घ्या. दुकानदार आतला व्यास विचारतो, क्लिप बसते बाहेरून. पाईप आतून ३२ मिमी आणि त्याची भिंत साडेचार मिमी असेल तर बाहेरून ४१. मग ३२-५०ची क्लिप. २५-४०ची चढणारच नाही, ४०-६०ची अगदी टोकाला आवळावी लागेल आणि गोल न बसता एका बाजूला चिमटा घेईल. हीटरचा १६ मिमीचा पाईप बाहेरून २३-२४ भरतो, त्याला २०-३२. पाईप तोंडावर, म्हणजे ज्या नळीवर तो बसतो तिच्यावर, चढवलेला असतानाच मोजा.

गोखले काका: पट्टीवर डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-५ असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू-१ म्हणजे सगळं जस्त चढवलेलं पोलाद. डब्ल्यू-२मध्ये पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू साधा. पट्टी चकाकते आणि स्क्रू गंजून अडकतो, म्हणून मला तो अर्धवट प्रकार पटत नाही. डब्ल्यू-४ सगळी स्टेनलेस. आरपार खाचांची नको, रबर खाचांतून वर येतं आणि कडा त्याला कापतात. खाचा नुसत्या दाबलेल्या आणि कडा गोल वळवलेल्या बघून घ्या.

रश्मी: किती आवळायची? आमचा मेकॅनिक अंगातलं सगळं बळ लावतो.

सचिन: त्यानेच रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तडकतं. ९ मिमी रुंद पट्टीला साधारण ३ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप), १२ मिमीला ५. बहुतेकींना ७ मिमी सॉकेट लागतो. तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावून आवळा, लांब दांड्याचा रॅचेट पाना नको. जास्त आवळलं की रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगून येतं, तिथे थांबायचं होतं असं समजा.

अनुजा: काम घरी होईल का?

गोखले काका: इंजिन पूर्ण गार असेल तर. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. खाली ट्रे ठेवून कूलंट सोडा. पाईप पकडून आधी पिळा, मग ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तोंडावरचा पांढरा-गुलाबी खर ओल्या स्क्रबरने काढा आणि बॅटरी मारून चीर आहे का पाहा. चीर असेल तर कुठलीही क्लिप उपयोगाची नाही. पाईपचं टोक कडक झालं असेल तर नवाच घ्या. चढवताना थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा तेल नको, या रबराला ते फुगवतं. शीलँटही नको.

सचिन: तोंडावर एक उंचवटा असतो. क्लिप त्याच्या मागे, पाईपच्या टोकापासून ३ ते ५ मिमी सोडून. नेमकी उंचवट्यावर बसली तर घसरते. स्प्रिंगची क्लिप जुन्या पाईपवर जुन्याच खुणेवर बसवा, आणि चष्मा घाला, पकडीतून सुटली तर चेहऱ्यावर येते. नंतर कूलंट भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढा. आट्याची असेल तर दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर एकदाच पाव आटा बघा.

अनुजा: आणि तरी गळलं तर?

सचिन: मग प्रेशर टेस्टर (रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरून गळती शोधणारा पंप) लावायचा, इंजिन गार असतानाच. झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब, ०.९ किंवा १.१ बार असतो, आणि १५ मिनिटं काटा बघायचा. शनिवारी मी घरी आहे. ७चा सॉकेट आणि क्लिपची पकड घेऊन खाली येतो, तोवर पाईपच्या बाहेरचं माप टाकून ठेवा.