सोयाबीन पिवळं पडलंय, दुकानातून सिलिकॉन-कोबाल्ट-सेलेनियम सुचवलंय: मारावं का?

देपालपूरकर:
नमस्कार मंडळी. इंदूरहून देपालपूरकडे ६ एकर सोयाबीन आहे. सपाट पेरणी, आज २८ दिवस झाले. सलग पावसानंतर उताराच्या खालच्या अंगाला दीडेक एकरात शेंड्याची पानं पिवळी पडली आहेत. शिरा हिरव्याच आहेत, खालची जुनी पानंही ठीक आहेत. पेरताना एकरी १ कट्टा डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दिलं, बाकी काही नाही. मे महिन्यातला माती अहवाल असा: पीएच ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४६ टक्के, स्फुरद हेक्टरी ९ किलो, पालाश हेक्टरी ४२० किलो, गंधक ७ पीपीएम, जस्त ०.४८ पीपीएम, लोह ४.१ पीपीएम.

दुकानदाराच्या मते आता लाभदायक मूलद्रव्यं द्यायला हवीत. एकाच पंपात पोटॅशियम सिलिकेट, कोबाल्ट सल्फेट, थोडं सेलेनियम आणि झिंक सल्फेट घाला म्हणतो. प्रमाण विचारलं तर ‘एकेक झाकण’. मारू का?

काळीमाती:
भाऊ, हे मिश्रण मारू नका. यातली एक वस्तू तुमचं पिवळेपण वाढवेल आणि दोन वस्तू पंपातच बसतील.

तुम्ही लिहिलेली लक्षणं लोहाच्या कमतरतेची आहेत. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात फारसं सरकत नाही, म्हणून नवं पान आधी पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असतं तर खालची पानं आधी फिकट झाली असती. पिवळ्या मोझॅक या विषाणू रोगात शिरांची अशी स्वच्छ जाळी दिसत नाही, हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे दिसतात आणि सोबत पांढरी माशी असते. पान उलटून तेवढं बघून घ्या.

अहवालातलं लोहाचं ४.१ हे ४.५ च्या मर्यादेपेक्षा थोडंच खाली आहे. खरी अडचण पाण्याची आहे. चुनखडीच्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, बायकार्बोनेट वाढतं, आणि असलेलं लोहही झाडाला वापरता येत नाही. पिवळेपण खालच्या अंगालाच आहे ते यामुळेच. म्हणून आधी चर. दर ६ ओळींनंतर एक चर उताराच्या दिशेने उघडा आणि शेवटी पाणी शेताबाहेर जाईल असं तोंड करा. वाफसा आला की डोरा (कोळपं) चालवा, मुळांना हवा मिळेल.

खात्री करून घ्यायची एक स्वस्त रीत आहे. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा. दहा झाडांच्या शेंड्याकडच्या त्रिपर्णातलं (तीन पानांच्या जुडीतलं) एकच पान त्यात बुडवा आणि देठाला दोरा बांधा. पाच-सात दिवसांत दोऱ्याचं पान हिरवं झालं आणि शेजारची दोन पिवळीच राहिली, तर रोग लोहाचाच.

फवारणीचं प्रमाणही तेच, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि ७५ ग्रॅम फेरस सल्फेट. आम्ल आधी घाला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यात लोह सरळ टाकलं तर तांबूस गाळ होतो. शक्यतो पावसाचं पाणी घ्या. फेरस सल्फेटचे खडे फिक्या हिरव्या रंगाचे हवेत, वर पिवळट-तपकिरी पूड चढलेली असेल तर ते लोह वाया गेलेलं समजा. द्रावण त्याच दिवशी संपवा, संध्याकाळी मारा, ८-१० दिवसांनी दुसरा हात द्या. त्यात दुसरं काहीही मिसळू नका.

आणि पिवळं दिसतंय म्हणून युरिया फेकू नका. नायट्रेट उचलताना मुळं आपल्या भोवतीचा पीएच आणखी वाढवतात, लोह अजून अडकतं आणि मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठीही मंदावतात.

शेतरसायन:
काळीमातींच्या निदानाशी सहमत. मी पंपातल्या रसायनावर लिहितो, कारण ‘एकेक झाकण’ वाचून राहवलं नाही.

पोटॅशियम सिलिकेटचा पीएच ११ च्या पुढे असतो, आणि तेवढ्या अल्कधर्मी पाण्यातच ते विरघळलेलं राहतं. पीएच खाली आला की १ लिटर पाण्यात जेमतेम १०० ते १२० मिलीग्रॅम सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) सुट्या सिलिसिक आम्लाच्या रूपात टिकते, बाकीचे रेणू एकमेकांना चिकटून जेली होते. फवारणीत लिटरला २-३ मिली सिलिकेट घालतात तेव्हा सिलिका या मर्यादेच्या कितीतरी पट असते. त्यात झिंक सल्फेट टाकलं की जस्त सिलिकेटचा आणि हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो, नोझलची जाळी बंद होते आणि पानावर ना जस्त पोचतं ना सिलिकॉन. कोबाल्ट, लोह, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम नायट्रेट या सगळ्यांचं असंच होतं. एका काचेच्या बरणीत पंपाच्याच प्रमाणात मिश्रण करून अर्धा तास ठेवा. गढूळपणा आला किंवा तळाशी लोळा दिसला तर ते मिश्रण पंपात घालू नका.

सिलिकेट मारायचंच असेल तर एकटं मारा. आधी भरपूर पाणी, मग ढवळत ढवळत सिलिकेट, आणि लगेच फवारणी. नंतर पंप साध्या पाण्याने दोनदा धुवा, कारण वाळलेलं सिलिकेट काचेसारखं चिकटतं. बाजारातली ऑर्थोसिलिसिक आम्लाची उत्पादनं याच्या उलट आम्लधर्मी असतात, ती अल्कधर्मी कशातही मिसळायची नाहीत. लेबल वाचताना हेही बघा की आकडा सिलिकाचा आहे की सिलिकॉनचा. सिलिकाचा आकडा ०.४७ ने गुणला की सिलिकॉन मिळतं. २० टक्के सिलिका म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आतच सिलिकॉन.

आता या सोयाबीनला त्याचा उपयोग आहे का? लोहाच्या ताणात सिलिकॉनने पिवळेपण लांबतं असं काकडी आणि सोयाबीनवर दिसलेलं आहे, पण ते पोषक द्रावणात, मुळांवाटे दिल्यावर. सिलिकॉन आत घेणारे मार्ग मुळांत असतात. पानावर मारलेलं बरंचसं वरच राहतं, आणि जे आत जाऊन सिलिकेच्या कणांत घट्ट झालं ते नव्या पानाकडे सरकत नाही. तुमचं पिवळेपण तर नव्या पानातच आहे. शिवाय पालाश हेक्टरी ४२० किलो असताना सिलिकेटमधल्या पोटॅशसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही.

गाठीवाला:
कोबाल्टबद्दल थोडं वेगळं मत. सिलिकॉन बाजूला ठेवा म्हणता ते पटलं, पण कोबाल्टला सरसकट नाही म्हणू नये. झाडाला स्वतःला ते लागतं असं सिद्ध नाही. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना मात्र लागतंच, कारण त्यांचं बी-१२ जीवनसत्त्व कोबाल्टशिवाय बनत नाही. फक्त हवेतल्या नत्रावर वाढवलेल्या सोयाबीनला कोबाल्ट लागतं हे १९६० च्या सुमारासच दाखवलं गेलं. ब्राझीलमध्ये हेक्टरी २-३ ग्रॅम कोबाल्ट आणि १२-२५ ग्रॅम मॉलिब्डेनम बियाण्याला किंवा तिसऱ्या ते पाचव्या त्रिपर्णाच्या वेळी पानावर देण्याची शिफारस आहे.

मात्रा किती बारीक आहे बघा. एकरी सुमारे १ ग्रॅम कोबाल्ट. कोबाल्ट सल्फेटमध्ये ते २१ टक्के असतं, म्हणजे एकरी ५ ग्रॅम कोबाल्ट सल्फेट. २०० लिटर पाणी म्हणजे १५ लिटरचे साधारण १३ पंप, पंपाला ०.४ ग्रॅमही नाही. झाकणाने हे मोजता येत नाही. सराफी काट्यावर ५ ग्रॅम तोलून १३०० मिली पाण्यात विरघळवायचं आणि दर पंपाला १०० मिली घालायचं. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, कोबाल्टची मिठं विषारी आहेत.

बियाण्याला देत असाल तर रायझोबियम आणि हे कोबाल्टचं मीठ तासन्‌तास एकत्र ठेवू नका, जिवाणू मरतात. मीठ आधी लावा, सावलीत वाळवा, जिवाणू पेरणीच्या अगदी तोंडावर लावा. किंवा सरळ फवारणीतून द्या.

काळीमाती:
तत्त्व बरोबर आहे, पण दोन गोष्टी जोडतो. ब्राझीलचे आकडे आम्लधर्मी मातीतले आहेत. मॉलिब्डेनम आम्लधर्मी मातीत अडकतं आणि पीएच वाढला की मोकळं होतं, त्यामुळे ८.१ ला त्याची ओढ कमी असते. कोबाल्टचं उलटं, ते पीएच वाढल्यावर आणि मँगनीजच्या ऑक्साइडवर अडकतं. म्हणून माळव्यात कोबाल्टचा विचार करायला जागा आहे.

पण आज नाही. कोबाल्ट जास्त झालं तर पहिलं लक्षण काय? नव्या पानात लोहाच्या कमतरतेसारखं पिवळेपण. आधीच पिवळ्या शेतावर झाकणाने मोजलेलं कोबाल्ट मारलं की पुढच्या आठवड्यात पिवळेपण लोहाचं की कोबाल्टचं हे कोणालाही सांगता येणार नाही.

आधी गाठी बघा. पिवळ्या भागातली पाच आणि हिरव्या भागातली पाच झाडं फावड्याने मातीसकट काढा, उपटू नका, गाठी जमिनीतच तुटतात. बादलीत भिजवून माती सोडवा आणि मुख्य मुळावरच्या गाठी ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करतेय. पांढरी म्हणजे निकामी किंवा अजून कोवळी, हिरवट म्हणजे संपलेली. दोन्ही भागांत गुलाबी गाठी भरपूर असतील तर कोबाल्टचा खर्च वाचला.

आणि सेलेनियम तर पूर्ण बाद करा. फिनलंडने १९८४ पासून खतात सोडियम सेलेनेट घातलं ते माणसांच्या आहारात सेलेनियम कमी होतं म्हणून, पीक वाढावं म्हणून नव्हे. लाभ आणि विष यांच्यातलं अंतर फार कमी आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही गावांत मातीतल्या जादा सेलेनियमने गुरं आजारी पडली आहेत. आणि सेलेनेट मुळात गंधकाच्याच वाटेने शिरतं. गंधक कमी असलेल्या मातीत झाड ते जास्त ओढून घेतं, आणि तुमचं गंधक ७ आहे, १० च्या खाली.

देपालपूरकर:
खूप आभार. बरणीत करून पाहिलं, पाच मिनिटांत दह्यासारखं झालं. चर आजच उघडतो. दोन प्रश्न: जस्त-गंधकाचं आता काय करू? आणि रब्बीत याच शेतात गहू आहे, तिथे तरी सिलिकॉनचा उपयोग आहे का?

काळीमाती:
लोहाच्या दुसऱ्या हातानंतर ४-५ दिवसांनी जस्त. पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३५-४० ग्रॅम विझवलेला चुना, वस्त्रगाळ करून. पुढच्या वर्षी झिंक सल्फेट पेरणीलाच द्या, एकरी १० किलो, पण स्फुरदाच्या खतात कालवून नको. गंधकासाठी डीएपीऐवजी एकरी ३ कट्टे सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. १५० किलोतून २४ किलो स्फुरद आणि १६ किलोच्या वर गंधक मिळतं, सोयाबीनला एकरी ८ किलो गंधक पुरतं. नत्रासाठी पेरणीवेळी २० किलोच्या आसपास युरिया.

शेतरसायन:
गव्हात उपयोग आहे, कारण गहू सिलिकॉन भरपूर उचलतो. ते पात्याच्या आणि काडीच्या सालीत बसतं, पातं ताठ राहतं, लोळणं कमी होतं. मात्र युरिया जास्त झाला आणि दाणा भरताना वाऱ्यात पाणी दिलं, तर सिलिकॉन पीक धरून ठेवणार नाही.

पण बाटलीच्या आधी भुश्याकडे बघा. गव्हाने उचललेलं सिलिकॉन बहुतेक काडीतच असतं. नरवाई (कापणीनंतर उरलेली काडी) जाळली तर सिलिका राखेत उरते, पण नत्र आणि बरंचसं गंधक धुरातून जातं, आणि तुमच्याकडे कमी तेच आहे. काडी रोटाव्हेटरने मातीत घाला. भाताच्या तुसाची किंवा उसाच्या चिपाडाची राख कोणी देत असेल तर रंग बघून घ्या. कमी आचेवर जळलेली काळी-करडी राख हळूहळू विरघळते, भट्टीत प्रखर आचेवर पांढरी झालेली राख स्फटिकासारखी घट्ट झालेली असते, तिच्यातून फार काही सुटत नाही. ८.१ पीएचला कुठलीही राख ढिगाने टाकू नका. काळ्या मातीत विरघळणारं सिलिकॉन जांभ्या मातीपेक्षा मुळातच जास्त असतं.

तरीही फवारणी करून बघायची असेल तर फुटवे ते पोटरी (ओंबी बाहेर पडण्याआधीची अवस्था) यांच्या दरम्यान दोन वेळा करा, आणि मधे पंपाच्या दोन पट्ट्यांएवढी जागा नुसतं पाणी मारून सोडा. दोन्हीकडे खुंट्या ठोका. कापणीला प्रत्येक बाजूने पाच ठिकाणी १ मीटर बाय १ मीटरची चौकट टाकून कापा, वेगवेगळं झोडपा, सारखं वाळवून तोला.

गाठीवाला:
गाठींचा रंग बघून इथे लिहा. आणि पुढेमागे कोबाल्टचं द्रावण कराल तेव्हा ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका, रंग गुलाबी असतो, घरातलं मूल पिऊन बसेल.