दुमजली पलंग आणि छताचा पंखा: दोन मुलांच्या खोलीबाबत सल्ला हवा

नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या जुन्या घरात १४ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा यांच्यासाठी मिळून १० बाय ११ फुटांची एकच खोली मोकळी करता आली आहे.

जागा वाचावी म्हणून मिस्त्रींनी दुमजली पलंग सुचवला. सहा वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, त्यामुळे वरची जागा मुलीची ठरली. कठडा गादीच्या वर किमान ५ इंच असावा आणि त्यातील फटी साडेतीन इंचांहून कमी असाव्यात, हेही मी मिस्त्रींना लिहून दिले. मात्र टेप घेऊन मोजायला बसले, तेव्हा खरी अडचण पुढे आली. छत साडेनऊ फुटांवर आहे आणि पंख्याची पाती जमिनीपासून १०० इंचांवर फिरतात. वरची गादी ६५ इंचांवर येते, म्हणजे मुलगी अंथरुणात उठून बसली की तिचे डोके ९७ इंचांवर जाते. ४८ इंची पंखा मध्यावर असल्याने पात्याचे टोक भिंतीपासून ३ फुटांवर येते आणि कठड्यासह पलंगाची रुंदी ३ फूट २ इंच होते. झोपेत आळस देताना हात कुठे जाईल, हे वेगळे सांगायला नको. "पंखा जरा सरकवू," असे मिस्त्री म्हणतात, परंतु आमचे छत गर्डर-फरशीचे, पंखा गर्डरला टांगलेला आणि गर्डर नेमके पलंगाला समांतर आहेत, त्यामुळे तो कितीही सरकवला तरी पलंगापासून दूर जात नाही.

पंखा काढून भिंतीवरचा लावावा, तर मे महिन्यात तो दोघांना पुरेल का? की दुमजलीचा नाद सोडून, मुलीच्या पलंगाखालून बाहेर ओढता येणारा दुसरा पलंग करावा? तसे केल्यास रात्री चालायला जमीन उरणार नाही आणि तिच्या अभ्यासाचा दिवा थेट त्याच्या डोळ्यांवर येईल.

दुसरा प्रश्न सासूबाईंच्या शिसवी कपाटाचा. चिरंजीव त्याचे खण एकामागून एक बाहेर ओढून त्यांच्या पायऱ्या करतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कपाट पट्टीने भिंतीला जखडायचे आहे, पण चुन्यातील जुन्या भिंतीत स्क्रूसाठी ठोकायची गट्टी धरत नाही, भोक पाडताच भुगा गळतो. अशा भिंतीत कोणी कपाट पक्के केले असल्यास ते कसे केले?

रंगाचे एक. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमहून (दहा लाख भागांत ९० भाग) अधिक नसावे, हा नियम २०१७पासून लागू आहे; आमच्या भिंतींवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. म्हणून ते कोरडे घासू नयेत, असे मी रंगाऱ्याला बजावले आहे.

शेवटी, मुलीला दाराला आतून कडी हवी आहे. मागणी रास्त आहे, पण धाकटा आत अडकला तर? बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी लाकडी जुन्या दाराला बसते का, आणि ती इंदुरात कुठल्या बाजारात मिळेल?