वीस लाख, दोन ठिकाणं आणि 'क्ष'चा घोळ

सोलापुरी_चादर: काल एका महाभागाने लिहिलंय: निवृत्तीचे 20 लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के, गावच्या पतसंस्थेत 11. वर्षाला 1,92,000 व्याज हवं. बचत योजनेत क्ष रुपये ठेवले तर 0.082क्ष + 0.11(20,00,000 − क्ष) = 1,92,000, म्हणून क्ष = 10 लाख. निम्मे-निम्मे ठेवा, झाला 'सर्वोत्तम परतावा'! अहो, सर्वोत्तम कसला? जास्तीत जास्त व्याजच हवं तर क्ष = 0, सगळे 11 टक्क्यांत. रेषीय, म्हणजे सरळ रेषेत बदलणाऱ्या राशीची कमाल किंमत टोकालाच सापडते. 1,92,000 हा आकडा तुमच्या मनातला, समीकरणाने फक्त हिशेब जुळवला. पैसे बुडतील का, हे त्यात कुठे आहे?

निवृत्त_मास्तर: गणित बरोबर, सूर चुकला. त्यांनी निदान कागद-पेन घेतलं. बाकीचे मेहुणा सांगेल तिथे टाकतात. वर्गात मीही हेच उदाहरण देत असे.

सोलापुरी_चादर: म्हणूनच सर, पोरं 11 बघतात, देणारा बघत नाहीत.

देशावरची: पतसंस्था म्हटलं की डोकं फिरतं माझं. सासऱ्यांची ग्रॅच्युइटी अडकली आहे. चेअरमन ओळखीचा, आमच्या लग्नात पंगतीला होता. आता मुद्दलासाठी खेटे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तोही लागू नाही.

कोकणी_मुळा: सगळ्यांना चोर ठरवू नका हो. बँकेने दारात उभं केलं नाही तेव्हा लेकीच्या फीसाठी पतसंस्थेनेच कर्ज दिलं.

देशावरची: घेणाऱ्याला गोडच लागणार. ठेवीदारांना विचारा.

कोकणी_मुळा: म्हणजे आम्ही कर्जबुडवे? हप्ता एकदाही चुकवलेला नाही. शब्द जपून वापरा ताई!

देशावरची: तुम्हाला कोण म्हणालं? पण जे बुडवतात ते सासऱ्यांच्याच पैशांवर ना?

निवृत्त_मास्तर: भांडा सावकाश. जोखीम अट म्हणून घाला की. गेले तरी चूल बंद पडणार नाही एवढेच पतसंस्थेत, समजा 2 लाख. उरलेले 18 सरकारी योजनेत. 1,47,600 + 22,000 = 1,69,600.

सोलापुरी_चादर: आता कसं मुद्द्याचं बोललात! फक्त त्या गृहस्थांना महिन्याला साधारण 1,870 कमी पडणार, ते कोण सांगणार?

निवृत्त_मास्तर: तुम्हीच सांगा, तुम्हाला हौस आहे. 8.2 पाच वर्षं कायम राहील, हेही सांगा. आणि व्याज दोन्हीकडे करपात्र आहे.

कोकणी_मुळा: बरं, 2 तर 2. आमच्या पतसंस्थेत ठेवा म्हणावं.

देशावरची: आधी तिचा ऑडिट वर्ग, म्हणजे हिशेबतपासणीत मिळालेली श्रेणी, विचारा म्हणावं.