आधी पुढचा डिरेलर काढून बघा

जुनी गीअरची सायकल थेट सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गीअरची, करू का, असं तुम्ही विचारलं. घाई नका करू. आमच्या पांदणीत पावसाळ्यात काळी माती चेन अन् पुढच्या डिरेलरच्या (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) मधात अशी बसते, की काडीनं कोरून काढावी लागते. म्हणून मी तो डिरेलर, त्याची केबल अन् हँडलवरचा डावा शिफ्टर (गीअर बदलायचा खटका) काढला. चेन पायडलजवळच्या तीन दातेरी चाकांपैकी मधल्या 34 दात्यांच्या चाकावरच ठेवली. बाजूची दोन्ही चाकं राहू दिली, त्यांच्यामुळे चेन सहज उतरत नाही. मागचं 14 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) तसंच आहे. कापसाचं गाठोडं कॅरिअरवर असलं की तो 28 दात्यांचा हलका गीअर फार कामी येतो!

सिंगलस्पीडच करायची असेल, तर मागच्या चाकाचा एक्सल ज्यात बसतो ती फ्रेमची खाच पाहा. आडवी असेल तर चाक मागं ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर बहुतेक वेळा चेन ताणून धरणारा टेन्शनर लागतो.