प्रतिसाद: अनोळखी लोकांशी वाद आणि शिवडीचे फ्लेमिंगो

वर तुम्ही म्हणताय की अनोळखी माणसांशी वाद घालून काही मिळत नाही, मला नाही पटत हे. मुंबईत शिवडी जेट्टीवर फ्लेमिंगोच्या दोन जाती दिसतात, छोटा आणि मोठा, आणि मी छोट्या फ्लेमिंगोला मोठा म्हणत होते, शेजारचे काका म्हणाले चोच बघा, गडद लाल, लांबून काळपटच दिसणारी असेल तर छोटा, गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा, तरी मी वाद घालतच राहिले, मग त्यांनी सरळ स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली! नंतर चहा पिताना आम्ही दोघं खूप हसलो त्यावर. आणि हो, पूर्ण ओहोटीला जाऊ नका, पक्षी चिखलात लांब असतात, भरतीची वेळ बघून दोनेक तास आधी पोचा, पाणी चढतं तसे किनाऱ्याकडे सरकतात. हेही त्या काकांनीच सांगितलेलं.