दारूबंदीच्या खटल्यातील शिक्षेविरुद्ध अपील कसे करावे?

प्रश्न (कळवा, ठाणे)
माझ्या मामांना गावठी दारूचा कॅन बाळगल्याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६५(ई) खाली ठाण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीन वर्षांच्या आतली कैद सुनावली आहे. खटलाभर ते जामिनावर होते. दोन्ही पंच (छाप्याच्या वेळचे साक्षीदार) फितूर झाले, तरीही पोलिसांच्या साक्षीवर दोष सिद्ध धरला गेला. अपील कुठे करावे, आणि तोवर त्यांना तुरुंगात जावे लागेल का?

प्रतिसाद १
अपील ठाण्याच्या सत्र न्यायालयात, निकालापासून ३० दिवसांत. निकालाची नक्कल कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला विनामूल्य मिळते. मामा जामिनावर होते आणि शिक्षा तीन वर्षांहून अधिक नाही, त्यामुळे अपील करण्याचा इरादा सांगून ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३०(३) खाली जामिनाचा अर्ज करता येतो. तो जामीन अपील दाखल करण्यापुरता असतो. शिक्षेला पुढची स्थगिती सत्र न्यायालयाकडून घ्यावी लागते. मुदत उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज जोडावा. गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा झाली असती, तर अपिलात वाद केवळ शिक्षेच्या प्रमाणापुरता वा वैधतेपुरता उरला असता, म्हणून दंड भरून मोकळे होण्याच्या घाईत कबुली देणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

प्रतिसाद २
पंच फितूर झाले एवढ्यावर अपील मंजूर होत नाही, कारण विश्वासार्ह वाटल्यास पोलिसांची साक्षही पुरेशी ठरते. खरा प्रश्न नमुन्याचा आहे: कॅनमधून काढलेल्या बाटलीवर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती का, ती मुद्देमाल कक्षात कोणी ठेवली, प्रयोगशाळेत कोणी नेली, आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात सील शाबूत असल्याची नोंद आहे का? ही साखळी तुटली, तर तपासलेला द्रव त्याच कॅनमधला होता हे सरकार पक्षाला सिद्ध करता येत नाही. याशिवाय कॅन उघड्यावर सापडला असेल, तर तो मामांच्याच ताब्यात होता का, हेही तपासून पाहा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नमुना छाप्यानंतर तीन आठवड्यांनी मुंबईतल्या कलिन्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला आणि मुद्देमाल कारकुनाची साक्षच झालेली नाही.

प्रतिसाद २
मग अपिलातला पहिला मुद्दा हाच ठेवा. मुद्देमाल नोंदवहीचा उतारा निशाणी पडला आहे का (म्हणजे न्यायालयाने पुरावा म्हणून क्रमांक देऊन नोंदवला आहे का) ते पाहा, आणि बाटली नेणाऱ्या शिपायाची साक्ष झाली असल्यास तिची नक्कल आजच मागवा.