विषय: आईला निक ड्रेक ऐकवला

प्रेषक: ठाणेकर (सध्या मुक्काम नौपाडा)

मंडळी नमस्कार,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन महिने ठाण्यात आलोय हे बऱ्याच जणांना माहितीये, आता वॉकर सुटून काठी आलीये, विचारपूस करणाऱ्या सगळ्यांना थँक्यू. पण हे मेल वेगळ्याच कारणासाठी. मागच्या पॉटलकला निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवाल्यावरून आपली वादावादी अर्धवट राहिली होती ना, ती इथे भलत्याच लोकांनी पुढे नेली.

झालं असं की परवा दुपारी बाहेर धो धो पाऊस, आई पेपर पसरून मेथी निवडत बसलेली आणि मी स्पीकरवर त्याचा 'पिंक मून' अल्बम लावला. म्हटलं दोन मिनिटांत "बंद कर ते" येणार. दोन गाणी झाली तरी गप्प. मग म्हणाली, "हा मुलगा गातोय की पुटपुटतोय रे?" आणि थोड्या वेळाने, मेथीवरून नजर न काढता, "हात गोड आहे पण."

तेवढ्यात समोरचे अण्णा आले पेपर मागायला. अण्णांनी आयुष्यभर हार्मोनियम शिकवली, आमच्या मजल्यावरची निम्मी पोरं त्यांच्याकडे सा लावून आली (मी सोडून). मी शेवटी पहिलं गाणं परत लावलं तर दारातच थांबले, छत्रीतून पाणी गळतंय, आणि म्हणाले, "पांढरी दोन." मी म्हटलं काय? "पट्टी रे याची. आणि जाडी तार उतरवलीये त्याने. खर्ज लावून बसलाय, ऐक जरा."

मंडळी, मी वीस वर्षं हा माणूस ऐकतोय. ती तार मला कधी ऐकूच आली नव्हती! मी शब्द ऐकायचो आणि शब्दांच्या मागे ती गोष्ट, म्हणजे तीनच अल्बम, त्याच्या हयातीत एकही ५,००० च्या वर खपला नाही, नोव्हेंबर १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गेला वगैरे. अण्णांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही, इंग्रजी शब्दही धड कळत नव्हते, म्हणून त्यांना फक्त हात ऐकू आला.

मग काय, माळ्यावरून माझी कॉलेजची गिटार काढली. नेटवर त्या गाण्याचं ट्यूनिंग (कुठली तार कुठल्या सुराला लावायची ते) मिळालं, सी जी सी एफ सी ई. अण्णांनी सी ला सा धरून बोटांवर मोजलं, सा, प, सा, म, सा, ग. "अरे, पंचम पण ठेवलाय आणि मध्यम पण! तंबोऱ्याला आम्ही दोन्हींतला एकच लावतो." जाडी तार पांढरी तीनवरून पांढरी एकवर (म्हणजे ई वरून सी वर) आणली तर इतकी सैल पडली की खडखडायला लागली. बाकीच्या पण खालीच येतात किंवा जागच्या जागी राहतात, दुसरी तेवढी अर्धा सूर वर चढवायची असते आणि ती गंजलेली, ताड करून तुटली. आई म्हणाली झालं तुमचं संगीत, आता चहा घ्या.

कोणाला हे ट्यूनिंग धड जमलंय का? सांगा.

ठाणेकर

---

प्रेषक: मावशी

अरे ठाणेकरा, आईला नमस्कार सांग आणि जिना चढू देऊ नकोस एवढ्यात.

तुझा तो निक मला झेपत नाही बाबा. आम्ही नवीन होतो इकडे परदेशात तेव्हा, १९९९-२००० च्या सुमारास, टीव्हीवर फोक्सवॅगनची जाहिरात लागायची, रात्री चौघं जण उघड्या गाडीतून चाललेत आणि मागे हेच गाणं. एवढं बरं वाटायचं. त्या जाहिरातीनंतर म्हणे त्याच्या सीड्या धडाधड खपल्या, गेल्यावर पंचवीस वर्षांनी, काय नशीब एकेकाचं. पण मग आमच्या धाकट्याने सीडी आणली आणि रोज शाळेतून आला की दार लावून तेच. जेवायला हाक मारली तरी बाहेर येत नसे. मी किती रात्री काळजीत काढल्यात ते माझं मला माहीत. त्यामुळे सॉरी, मला ते गाणं लागलं की अजून ते बंद दार दिसतं.

---

प्रेषक: धाकटा

आई, अगं लिस्टवर काय हे!! दार लावून मी रडत नव्हतो, तारा लावत होतो. त्याचं ट्यूनिंग गाण्यागणिक बदलतं आणि तेव्हा ते असं सहज मिळायचं नाही, कानाने शोधायला लागायचं, एकेका गाण्याला आठवडा जायचा. जेवायला यायचो नाही कारण मध्येच उठलं की लागलेलं डोक्यातून जायचं.

ठाणेकर दादा, अण्णांना माझा साष्टांग नमस्कार. ट्यूनिंग सी चं आहे पण त्या गाण्याला दुसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारी क्लिप) लावलाय, म्हणजे ऐकू येतं ते डी. पांढरी दोन! छत्री हातात धरून सांगितलं त्यांनी हे.

आणि अण्णांना हे पण सांग की तो अख्खा अल्बम दोन रात्रींत झालाय, ऑक्टोबर १९७१, लंडनचा साउंड टेक्निक्स स्टुडिओ, आत तो आणि इंजिनिअर जॉन वुड, बस. आधीच्या दोन अल्बमवर व्हायोलिनं, सॅक्सोफोन सगळा लवाजमा होता, इथे पहिल्या गाण्यात थोडासा पियानो सोडला तर नुसती गिटार. एकूण २८ मिनिटं.

---

प्रेषक: खजिनदार

चर्चा छान चालू आहे पण विषय बदलून लिहावं ही विनंती, गणपतीच्या वर्गणीची मेलं यात खाली जातायत. १४ कुटुंबांची बाकी आहे, नावं घेत नाही. (ठाणेकर.)

२८ मिनिटांचा कार्यक्रम असेल तर हॉलचं भाडं आपल्याला परवडेल.

---

प्रेषक: ठाणेकर

खजिनदारसाहेब, कळलं.

धाकट्या, अण्णांना वाचून दाखवलं. कापोला ते "चिमटा" म्हणतात आता. मावशी, तुमच्या मेलवर आई खूप हसली, म्हणाली आमचाही दार लावायचा पण आतून काही वाजायचं नाही.

तर पुढचं. मी आईला सांगितलं की याचे वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते, हा जन्मला रंगूनला १९४८ साली, मोठी बहीण लाहोरची. आणि याची आई, मॉली, महायुद्धात ब्रह्मदेशातून निघून दिल्लीत येऊन राहिली तेव्हा बहिणीबरोबर ऑल इंडिया रेडिओवर गायची. आईची मेथी थांबली (हो, परत मेथीच, पावसात पण स्वस्त मिळाली म्हणून). "रेडिओवर? मग तिची गाणी कुठायत?"

आहेत. इंग्लंडला परत गेल्यावर घरातल्या पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची, लोकांसमोर आली ती तिच्या पश्चात. लावली. त्याच्यासारखाच दबका आवाज, ओळीच्या शेवटी असाच सोडून देते. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "टेप कोणी केलं?"

म्हटलं, नवऱ्याने. घरीच.

"बरं केलं."

आमच्याकडे पण टेपरेकॉर्डर होता, १९८२ पासून. बाबांच्या नाट्यसंगीताच्या दोन खोकी कॅसेट अजून माळ्यावर आहेत, गिटार काढताना हातात आल्या. आईच्या आवाजाची एक नाही.

काल स्टेशनजवळच्या दुकानातून तारांचा नवा सेट आणला. दुसरी तार चढवताना अण्णा तोंड फिरवून उभे होते, आई डोळे मिटून. नाही तुटली. मग अण्णांनी पेटीवर पांढरी दोन दाबून धरली, मी दुसऱ्या फ्रेटवर चिमटा लावून नुसत्या मोकळ्या तारा छेडत राहिलो कारण त्यापुढचं मला येतच नाही, आणि आईने त्यावर भूपाळी सुरू केली, संध्याकाळी साडेपाचला. अण्णा म्हणाले वेळ चुकली वहिनी. म्हणाली असू दे. फोन चार्जिंगला लावला होता तो तसाच वायरसकट ओढून घेतला आणि रेकॉर्ड केलं, मागे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत.

वर्गणी उद्या टाकतो.

ठाणेकर